अपाकुकीची पहिली खोटी दवंडी

मंगळवारी संध्याकाळी अपाकुकीने दवंडी दिली आणि सगळं वाइतोका गाव खो खो हसलं.

दवंडीत हसण्यासारखं काही नव्हतं हो. "ऐका! परवा गुरुवारी सकाळी दहा वाजता लशीची बोट आपल्या गावाला येणार आहे! सगळ्या मोठ्या माणसांनी मास्क लावून चर्चच्या अंगणात यायचं! वीस माणसंसुद्धा जमली नाहीत, तर बोट पुढे नाबुका गावाला जाईल आणि सहा आठवडे इकडे फिरकणार नाही!" एवढंच. चर्चपासून शेवटच्या घरापर्यंत अपाकुकी हेच ओरडत गेला, आणि घराघरातून हसू त्याच्या मागे लागलं.

"कारभारी, निरोप कोणाचा?" इलीसोनीने पायरीवरून विचारलं. इलीसोनी कोळी होता. मासे कमी आणि चौकशा जास्त पकडायचा.

"सिस्टर तोरिकाचा."

"मग या वेळी काय मोजून आणायचं? नाक?"

झालं! पुन्हा हशा.

त्याचं असं आहे, की सिस्टर तोरिका नुकुवो बेटाची, आणि नुकुवोवाले म्हणजे वाइतोकाचे तौवू. दोघांचा मूळपुरुष एकच. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांची यथेच्छ टिंगल करायची, थापा मारायच्या, वस्तू पळवायच्या, आणि कोणी कितीही लुटलं तरी रागवायचं नाही. जो रागावला तो हरला. तौवू भेटला आणि त्याची टोपी पळवली नाही, तर घरचे विचारतात, बरं वाटत नाहीये का तुला?

आणि सिस्टर तोरिकाने गेल्याच महिन्यात वाइतोकाचं पार नाक कापलं होतं. खाडीपलीकडच्या दवाखान्यातून तिने निरोप धाडला, की लशीची सुई दंडाच्या मापाने मिळते, तेव्हा प्रत्येकाने नारळाच्या पातीने आपापला दंड मोजून पात पाठवावी. गावाने मोजले! एकेका पातीवर नाव घालून, गठ्ठा बांधून पाती पाठवल्या! सिस्टर म्हणे इतकी हसली, की तिला स्वतःलाच खुर्चीवर बसवून पाणी पाजावं लागलं. गावाने मग तिचा कोंबडा पळवून आणला. पण कोंबड्याने कुठे अपमान भरून निघतो?

सगळ्यात पहिली पात पाठवली होती बूबू केलेराने. बूबू म्हणजे आजी. ही अपाकुकीची आई, वय एकोणऐंशी, आणि गावाची खरी कारभारीण तीच. बूबूने छत्री उघडली की गाव म्हणायचं, पाऊस येणार. बूबूने आता जाहीर केलं होतं, "नुकुवोच्या पोरीच्या हातून एकदा वेडी झाले. दुसऱ्यांदा नाही." संपला विषय. बूबू नाही म्हणाली म्हणजे गाव नाही म्हणालं.

अपाकुकीला मात्र हसू येत नव्हतं. गेल्या वर्षी साध्या तापाने बूबूची छाती अशी भरली होती, की तीन आठवडे तो तिच्या चटईशेजारी बसून नुसते श्वास ऐकत होता. आता तर राजधानीकडून रोज वाईट बातम्या येत होत्या. सहा आठवडे? सहा आठवडे त्याच्याकडे नव्हते.

अकरा वर्षं तो गावाचा कारभारी होता, आणि अकरा वर्षांत त्याच्या दवंडीत एक अक्षर खोटं निघालं नव्हतं. एकदा प्रार्थना सहा वाजता असं ओरडून घरी आल्यावर त्याला कळलं, की ती सहा वाजून पाच मिनिटांनी आहे. तर हा माणूस जेवणावरून उठला आणि पाच मिनिटांसाठी अख्ख्या गावाला पुन्हा चक्कर मारून आला! असा माणूस.

बुधवारी सकाळी तो नीरफणसाच्या झाडाखाली गेला. गावात फोन लागतो तो तिथेच, तोही उजवा पाय मुळावर ठेवला तर.

"सिस्टर, खरं सांगा. थट्टा आहे का?"

"नाही रे बाबा! शपथ!"

"मागच्या वेळीही शपथ घेतली होतीत."

 मग सिस्टरचा बारीक आवाज, "हो ना. घेतली होती खरी."

अपाकुकीने भरदुपारी दुसरी दवंडी दिली, "या वेळी खरंच खरं आहे!" त्याने तर आणखीच घोळ झाला. खरी गोष्ट कोणी 'खरंच खरी' म्हणून सांगतं का? ज्यांना थोडी शंका होती, त्यांचीसुद्धा खात्री पटली.

मग त्याने तालुक्याच्या कचेरीला फोन करून छापील कागदच मागवला. तो चारच्या गाडीने आला, शिक्का वगैरे मारून. इलीसोनीने तो उलटापालटा करून पाहिला आणि खालच्या सहीवर बोट ठेवलं.

"हा कोण सही करणारा?"

"कचेरीतला कारकून."

"कुठला?"

अपाकुकी खोटं बोलत नसे. तो म्हणाला, "नुकुवोचा."

गाव लोळायचंच बाकी राहिलं! अपाकुकीने शेवटचा उपाय म्हणून संध्याकाळी रेडिओ मोठ्याने लावून पायरीवर ठेवला. बातम्यांत स्पष्ट सांगितलं, गुरुवारी वाइतोका, मग नाबुका. सगळ्यांनी ऐकलं. अपाकुकीच्या चेहऱ्यावर दोन दिवसांत प्रथमच तेज आलं. तेवढ्यात आतून बूबू म्हणाली, "हा आवाज ओळखलात का? हा नुकुवोच्या पास्टरचा मधला मुलगा. लहानपणी याने माझी चप्पल पळवली होती."

"त्या बेटावर नारळ कमी आणि अधिकारी जास्त!" इलीसोनी म्हणाला.

गुरुवार उजाडला. अपाकुकीने एकट्याने चर्चच्या अंगणात चाळीस खुर्च्या मांडल्या, दोन खुर्च्यांत दोन हात अंतर ठेवून. दहाच्या ठोक्याला बोट आली, खरीखुरी बोट! सिस्टर तोरिका निळा डबा छातीशी धरून पाण्यातून चालत आली. अंगणात चाळीस खुर्च्या आणि एक कोंबडा होता. तिचाच.

साडेदहा. अकरा. खिडक्यांच्या झडपा हलत होत्या, आतून डोळे लुकलुकत होते, पण दार एक उघडेना. सगळे वाट बघत होते, की यात फजिती नेमकी कुठे लपली आहे.

"एक कुपी फोडली की दहा माणसं लागतात, अपाकुकी," सिस्टर म्हणाली. "एकट्यादुकट्यासाठी फोडता येत नाही. आणि एक वाजता ओहोटी लागली, की बोट खडकांत अडकेल. मला निघावंच लागेल." मग तिने मास्कवरून डोळे पुसले. "चूक माझीच आहे रे. कशाला ते दंड मोजायला लावले!"

"तुम्ही तौवू आहात. तुम्ही नाही तर कोणी लावायचे?" अपाकुकी म्हणाला. त्याला तेवढंच सुचलं.

तो घरी धावला. बूबू चटईवर बसून लिंबाच्या पानांचा चहा पीत होती.

"आई, चल ना गं. माझ्यासाठी चल."

"त्या तोरिकाला सांग, म्हातारी घरात नाही."

"आई, ती अंगणातून तुला बघतेय."

"मग सांग, म्हातारी घरात आहे, पण येत नाही." आणि तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.

अपाकुकी दारात मटकन बसला. त्याची बायको वासिती कसावाचे कंद सोलत होती. ती सुरी थांबवून समुद्राकडे बघत म्हणाली, "तो बघा इलीसोनी. बोटीतून सिस्टरचा जेवणाचा डबा पळवतोय."

"पळवू दे. माझं डोकं उठवू नकोस."

"तसं नाही हो. तासभर ती बाई हात जोडून देतेय, ते कोणी घेत नाही. आणि डबा न विचारता गेला! आपल्या गावाचं असंच आहे. तौवूंनी दिलेलं कडू, पळवलेलं गोड."

अपाकुकी तिच्याकडे बघतच राहिला. मग उठला. परत बसला. मग पुन्हा उठला. त्याच्या कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या.

"वासिती, मला आता काहीतरी वाईट करायचंय."

"जा, करून या," ती म्हणाली. "कसावा शिजेपर्यंत परत या म्हणजे झालं."

चर्चजवळच्या लाकडी ढोलावर त्याने अशा टिपऱ्या हाणल्या, की झाडावरची वटवाघळं उडाली. आणि अपाकुकीने आयुष्यातली पहिली खोटी दवंडी दिली. आवाज दोनदा फाटला.

"ऐका! बोटीत चाळीस डोस आहेत! ते आपले नाहीत! ते सगळे नाबुकाचे आहेत! सिस्टर तोरिका आपल्याला एकही देणार नाही म्हणते! आणि... आणि डबा उघडा टाकून ती झाडाखाली पाय पसरून बसली आहे!"

एक झडप धाडकन आपटली.

मग दारं उघडली. सगळी! एकदम! बायका पीठ लागलेल्या हातांनी, बाप्ये अर्धी दाढी केलेल्या गालांनी, कोणी मास्क उलटा लावून, सगळे अंगणाकडे सुटले. "घ्या! घ्या! नाबुकाला जायच्या आत घ्या!" सिस्टर आधी दचकली. मग तिने अपाकुकीचे लाल कान पाहिले आणि तिला सगळं समजलं. काय बाई आहे! तिने दोन्ही हात पसरून डब्यासमोर उडी घेतली आणि बोंब ठोकली, "चोर! दरोडेखोर! खबरदार कोणी बाही वर केलीत तर!"

चाळीस बाह्या वर झाल्या.

असा दरोडा जगात कुठे पडला नसेल. प्रत्येक दरोडेखोराने खुर्चीवर बसून आपलं पूर्ण नाव सांगितलं, जन्मतारीख सांगितली, कुठली ॲलर्जी नाही ना ते सांगितलं, आणि लूट दंडात घेतल्यावर पंधरा मिनिटं तिथेच शांत बसून राहिला, चक्कर येते का ते बघायला. वर प्रत्येकाला चोरीची पावती म्हणून कार्डही मिळालं, सही आणि तारखेसकट. इलीसोनी तर कार्ड उंच धरून सगळ्यांना दाखवत होता.

"दुष्टांनो! नाबुकाला आता मी काय तोंड दाखवू?" सिस्टर एकेकाला सुई टोचत ओरडत होती. "हात सैल सोड रे, लुटारू!"

आणि पहिल्या खुर्चीवर कोण? बूबू केलेरा. काठी आपटत, सगळ्यांना कोपरांनी बाजूला सारत ती पोचली होती. पण सुई तिच्याजवळ आली, तसा तिचा सुरकुतलेला हात असा थरथरायला लागला, की काठीसुद्धा दगडावर टकटक वाजू लागली. अपाकुकी मागे उभा होता. आईचा हात थरथरताना त्याने कधीच पाहिला नव्हता.

बूबू पुढे वाकली आणि सिस्टरच्या कानात म्हणाली, "मंगळवारीच खरं वाटलं होतं मला. पण सुईची भीती वाटते हे नुकुवोच्या पोरीला सांगू? या वयात?"

सिस्टरने सुई क्षणभर बाजूला ठेवली. बूबूचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि तितक्याच हळू म्हणाली, "नकाच सांगू. मी काही ऐकलंच नाही." मग मान वर करून सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं ओरडली, "बघा रे बघा! ही म्हातारी सगळ्यांत मोठी चोर! हिला धरून ठेवावंच लागतं!" आणि तिला तसंच धरून ठेवून तिने टोचलं.

"झालं?" बूबूने डोळे मिटूनच विचारलं.

"कधीच."

"हात्तिच्या! एवढीशी लूट?"

एक वाजता, ओहोटी लागता लागता, बोट निघाली. नाबुकाचे डोस तिच्यात जसेच्या तसे होते, दुसऱ्या डब्यात, सिस्टरच्या बसायच्या फळीखाली. गाव किनाऱ्यावर उभं राहून हात हलवत, शिव्या देत, गाणी म्हणत होतं. तेवढ्यात कोंबडाही सिस्टरने परत पळवला.

संध्याकाळी अपाकुकीने ताट बाजूला सारलं. बूबू समोर बसून मजेत कसावा खात होती. तिच्याकडे बघितलं, की त्याच्या छातीवरचा मोठा दगड उतरल्यासारखं वाटे, आणि लगेच दुसरा चढे.

"जा, सांगून टाका," वासिती म्हणाली. "नाहीतर जेवणार नाही तुम्ही."

तो बाहेर पडला. "ऐका! सकाळची दवंडी खोटी होती! लस नाबुकाची नव्हती! ती आपलीच होती, आपल्यासाठीच आणली होती! मी खोटं बोललो. माफ करा!"

 कुठेतरी चमचा भांड्यावर वाजला. मग इलीसोनी पायरीवर आला.

"कारभारी, हे तुम्हाला कोणी सांगायला लावलं?"

"कोणी नाही. मीच सांगतोय."

"तोरिकाने ना? लस गेली म्हणून जळफळाट झालाय तिचा! म्हणे आपलीच होती! अहो, आम्ही लुटलीय ती, या हातांनी!"

"अरे, देवाशपथ खोटं बोललो मी!"

"तुम्ही? खोटं?" पलीकडच्या घरातल्या बायकांना हसू फुटलं. "अकरा वर्षांत नाही बोललात ते आज बोलणार?" आणि सगळं गाव पुन्हा खो खो हसलं. अपाकुकीने तीन चकरा मारल्या, पार घसा बसेपर्यंत. पण आपला दरोडा परत द्यायला एकही घर तयार होईना.

तो घरी आला तेव्हा बूबू दंडावर ओला फडका धरून चटईवर आडवी झाली होती. त्याने पांघरूण तिच्या खांद्यापर्यंत ओढलं.

"दुसरा डोस कधी रे?" तिने विचारलं.

"आठ आठवड्यांनी. गुरुवारीच."

बूबूने बोटांवर आठवडे मोजले.

"मग तो कोणत्या गावाचा चोरायचा, ते आत्ताच ठरवून ठेव," ती म्हणाली, आणि कुशीवर वळून शांत झोपली.