झाकण कोण दाबणार?

“बारा मजल्यांची लिफ्ट मी एका पान्याच्या जोरावर चालती केलेली आहे! हे एवढंसं झाकण काय चीज आहे?”

हे वाक्य झाकणरावांनी स्वयंपाकघराच्या मधोमध उभं राहून, छाती पुढे काढून म्हटलं. ऐकायला फ्रिजशिवाय कोणी नव्हतं. बायको शिवणाचा क्लास घ्यायला गेली होती आणि साडेसहाच्या आत ती परत यायची नाही, हे ठरलेलं होतं. घड्याळात पाच वाजले होते. बायको घरात असती, तर हे वाक्य त्यांनी मनातल्या मनातही म्हटलं नसतं.

झाकणराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. ते लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत होते आणि निवृत्त होईपर्यंत सगळे त्यांना ‘साहेब’ म्हणायचे. निवृत्तीनंतर ते खालच्या हॉलमध्ये कॅरम खेळायला जाऊ लागले आणि पहिल्याच महिन्यात साहेबांचे झाकणराव झाले. ही करणी तळमजल्यावरच्या कंपाउंडरची. तो त्यांचा कॅरममधला जोडीदार. रोज संध्याकाळी पावणेसात वाजले की झाकणराव भरल्या डावातून उठायचे.

“कुठे निघालात? राणी पडायची आहे अजून!”

“जातो हो. घरी झाकण दाबायचंय.”

यावर हॉलमध्ये जो हशा पिकायचा, तो त्यांना जिन्याच्या दुसऱ्या वळणापर्यंत ऐकू यायचा.

पण गोष्ट अगदी खरी होती. घरातला फूड प्रोसेसर अठ्ठावीस वर्षांचा. बायकोने शिवणाच्या पहिल्या मोठ्या कामातून तो घेतला होता. त्याच्या झाकणाला कडेला जिभेसारखा एक तुकडा होता. झाकण फिरवून बसवलं की ती जीभ यंत्राच्या खाचेत शिरायची, आतला छोटा खटका दाबायची आणि मगच यंत्र चालू व्हायचं. मुलगी पहिलीत असताना ती जीभ तुटली. तेव्हा झाकणराव म्हणाले होते, “रविवारी बघतो.”

तो रविवार अजून यायचा होता.

तोवर बायकोने सोय काढली. मुलीच्या चित्रकलेच्या पेन्सिलीचं एक थोटूक ती खाचेत खुपसायची, म्हणजे खटका दाबला जायचा. झाकण मात्र धरायला काहीच उरलं नव्हतं, त्यामुळे ते कोणीतरी वरून दोन्ही हातांनी दाबून ठेवावं लागे. हा कोणीतरी म्हणजे झाकणराव! एखाद्या पोराने लिफ्टच्या दाराचा खटका असा पेन्सिलीने दाबून ठेवला असता, तर त्यांनी त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. स्वतःच्या घरात मात्र ते सव्वीस वर्षं हा गुन्हा मुकाट्याने करत आले होते.

बरं, काम दहा मिनिटांचं. पण दहा मिनिटांत ते कधीच संपलं नाही. सूप झालं की कोबी, कोबी झाला की गाजरं. “सुटलो” म्हणून हात उचलावा तर बायको म्हणायची, “थांबा, अजून दोन गाजरं.”

“अगं, दोन माणसांना सहा गाजरं? आपण ससे आहोत का?”

“दाबा हो तुम्ही.”

आणि आज फायनल होती! सात वाजता, हॉलमध्ये, करंडकासकट! सकाळी बायकोला तसं सांगितल्यावर ती एवढंच म्हणाली होती, “दाबून जा की.” दाबून गेलेला माणूस आठच्या आत पोचत नाही, हा अनुभव होता. गेल्या वर्षी याच झाकणापायी फायनल हातची गेली होती. म्हणून झाकणरावांनी बेत केला की बायको यायच्या आत झाकण दुरुस्त करायचं, सूप आणि सॅलड स्वतः तयार ठेवायचं आणि सातला ताठ मानेने खाली उतरायचं.

त्यांनी झाकण धुऊन उजेडात धरलं. प्लॅस्टिक एके काळी काचेसारखं होतं. आता त्यावर दोन धुरकट डाग पडले होते, बरोबर त्यांच्या दोन तळव्यांच्या जागी. ते डाग बघून त्यांना जरा कसंसंच झालं. मुलीला कोणत्या शाळेत घालायचं, ते या झाकणावर ठरलं होतं. त्यांनी बदली नाकारली तीही इथेच, कोबी चिरता चिरता. आईचं दुखणं बरं होण्यातलं नाही, हे त्यांनी बायकोला पहिल्यांदा सांगितलं तेसुद्धा इथेच, आणि तेव्हा तिने यंत्र बंद केलं नव्हतं. गाजरं संपली तरी ते तसंच फिरत राहिलं होतं, दोघांचं रडणं आतल्या खोलीतल्या मुलीला ऐकू जाऊ नये म्हणून.

एरवी मात्र यंत्राच्या आवाजावर सगळं ओरडूनच बोलावं लागे. त्यामुळे घरातलं प्रत्येक गुपित समोरच्या शेजारीणबाईंना मुलीच्याही आधी कळायचं.

“पुरे!” झाकणराव स्वतःलाच म्हणाले आणि कामाला लागले. अॅल्युमिनियमच्या पट्टीची जीभ कापली, कानशीने घासली, डिंकापेक्षा शंभरपट कडक अशा चिकटवणीने झाकणाला डकवली. ट्यूबवर बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं होतं. ते वाचायला वेगळा चष्मा लागला असता आणि तो बाहेरच्या खोलीत होता. अनुभवी माणसाला सूचना कशाला लागतात?

भांड्यात उकडलेली चार बीटं घातली. वर पाणी ओतलं. झाकण बसवून बटण फिरवलं. काहीच नाही. आणखी फिरवलं, अगदी शेवटच्या आकड्यापर्यंत. तरीही काही नाही. जीभ केसभर आखूड झाली होती, खटक्यापर्यंत पोचतच नव्हती.

“एवढंच ना?” झाकणराव म्हणाले. त्यांनी डबीतलं पेन्सिलीचं थोटूक काढलं आणि जिभेच्या शेजारी खाचेत सारलं.

बटण शेवटच्या आकड्यावर होतं, हे त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं. आणि चिकटवण चोवीस तास वाळू द्यावी, असं त्या ट्यूबवर लिहिलेलं होतं!

झाकण सुटलं ते थेट छतावर आदळलं आणि खाली येताना दोन तुकडे होऊन आलं. पाठोपाठ चार बीटं निघाली. छत लाल, फ्रिज लाल, झाकणराव डोक्यापासून बनियनपर्यंत लाल! चष्म्यावर लाल पडदा. हात पुढे करून बटण उलटं फिरवलं असतं तर सगळं तिथल्या तिथे मिटलं असतं. पण तीस वर्षं त्यांनी हाताखालच्या पोरांना एकच गोष्ट घोकायला लावली होती. काहीही होवो, आधी मेन बंद, मग विचार! ते तसेच दार उघडून बाहेर पळाले. जिन्यापाशी भिंतीवर दोन मोठे खटके होते, एक मजल्यावरच्या घरांचा आणि एक लिफ्टचा. आंधळ्या चष्म्यातून हात आपोआप सवयीच्या खटक्याकडे गेला. खाट्!

घरात यंत्र जोमाने फिरतच राहिलं. लिफ्ट मात्र जागच्या जागी थांबली.

त्याच क्षणी शेजारीणबाईंचं दार उघडलं.

“अगं आई गं! रक्त!”

“अहो बाई, बीट आहे ते...”

“रक्त! यांचा हात गेला यंत्रात! कोणीतरी धावा!”

कंपाउंडर धावला. चार जिने चढून, हातात बँडेज घेऊन, तोंडाला फेस आणत. त्याने झाकणरावांचा हाताला लागलेला पहिला हात धरला आणि गुंडाळायला सुरुवात केली.

“अरे बाबा, काही झालेलं नाही मला!”

“सगळे असंच म्हणतात. धक्क्यात दुखत नाही,” कंपाउंडर म्हणाला. “हलू नका. उद्या फणफणाल.”

इतक्यात तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यांच्या मधून, लिफ्टच्या जाळीतून एक आवाज आला. तो आवाज झाकणरावांनी ढगांच्या गडगडाटातही ओळखला असता.

“अहो! काय झालं? कोणाचा हात गेला?”

झाकणराव जाळीकडे वळले. “तू? तू आत्ता कशी?”

“मी विचारते त्याचं उत्तर द्या! हात आहे ना?”

“आहे! दोन्ही आहेत!”

“बोटं मोजा!”

“अगं...”

“मोजा म्हणते ना! मोठ्याने!”

मग जिन्यात उभं राहून, लाल तोंडाने, वीस जणांच्या देखत झाकणरावांनी बोटं मोजली. पट्टीतली चार अंदाजाने धरली. दहा भरल्यावर जाळीमागून एक लांब श्वास ऐकू आला. त्यापाठोपाठ तिचा हुंदका आला, आणि मग जिन्यात कोणीच हसलं नाही.

त्यांनी धडपडत खटका वर केला. लिफ्ट चौथ्या मजल्यावर आली. बायकोने बाहेर येऊन आधी त्यांचे दोन्ही हात धरले, उलटेसुलटे करून पाहिले. मग त्यांच्या गालावरून बोट फिरवलं आणि त्याचा वास घेतला.

“बीट!”

“मी मघापासून तेच सांगतोय.”

“आणि मी क्लास लवकर सोडून आले. म्हटलं, आज यांची फायनल आहे, लवकर दाबून लवकर सोडू.”

 झाकणराव खालमानेने तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. तिने पहिल्यांदा, अगदी शांतपणे, बटण उलटं फिरवलं. यंत्र थांबलं. ओट्यावर झाकणाचे दोन तुकडे पडले होते. एकेका तुकड्यावर एकेक धुरकट तळवा होता.

झाकणरावांनी दोन्ही तुकडे एकमेकांना लावून पाहिले. “दुरुस्त करायला गेलो होतो गं. आता हे झाकण कुठे मिळायचं नाही. कंपनीही बंद पडली असेल.”

 तिने स्टूल ओढलं, वर चढली आणि माळ्यावरच्या जुन्या डब्यांमागून एक खोकं काढलं. खोक्यात, कंपनीच्या कागदात गुंडाळलेलं, काचेसारखं स्वच्छ, जिभेसकट नवं कोरं झाकण!

“हे... हे कधी आणलंस?”

“मुलगी तिसरीत होती तेव्हा.”

झाकणरावांनी हिशेब केला. बोटांवर. एक हात पट्टीत असल्यामुळे जरा वेळ लागला. “म्हणजे चोवीस वर्षं मी उगाच दाबत होतो?”

“उगाच कशाला?” बायको खोक्यावरची धूळ पुसत म्हणाली. “तुम्ही घरी यायचात ते लिफ्ट डोक्यात घेऊन. आल्यावर पेपर, पेपर झाल्यावर रेडिओ. हे आणलं त्या दिवशीच बसवणार होते. तेवढ्यात तुम्ही आत आलात, जुन्यावर हात ठेवून उभे राहिलात आणि दिवसभर काय काय झालं ते सांगायला लागलात. मग ठेवून दिलं वर.”

तिने नवं झाकण बसवलं. टक्! पेन्सिल नको, हात नको, काही नको. गाजरं घातली, यंत्र फिरू लागलं आणि झाकण जागचं हललंसुद्धा नाही.

“जा आता,” ती ओरडून म्हणाली. “सात वाजतायत.”

झाकणराव दारापर्यंत गेले. परत आले. बँडेजचा एक आणि लाल झालेला एक असे दोन्ही तळवे त्यांनी नव्या झाकणावर ठेवले.

“हे हलतंय जरा,” तेही ओरडले.

“अजिबात हलत नाहीये!”

“तीस वर्षं लिफ्टची दारं बघितली आहेत मी! मला शिकवू नकोस. हलतंय!”

जिन्यातून कंपाउंडरची हाक आली, “झाकणराव! येताय ना? करंडक मांडलाय!”

या नावाने मारलेल्या हाकेला त्यांनी आजवर कधी ओ दिली नव्हती.

“नाही हो!” ते दाराकडे तोंड करून ओरडले. “झाकण सैल आहे!”

भांड्यातली गाजरं संपत आली होती. बायकोचा हात बटणाकडे गेला, तसे ते घाईघाईने म्हणाले, “थांब, अजून दोन घे.”

तिने त्यांच्याकडे बघितलं.

“गाजरं,” झाकणराव छताकडे चोरून बघत म्हणाले. “बीट नको.”