मुखवट्याला खळ

तेलाचा व्यापारी फिलिनस याने मुखवटा घरी नेला तो फक्त एका संध्याकाळपुरता. अथेन्सच्या पेठेत त्याने सांगून ठेवलं होतं की दिओनिससच्या उत्सवात यंदा आपण सगळ्या शहराला रडवणार. (गिऱ्हाइकांना तो भाव सांगून रडवतच असे.) नव्या शोकांतिकेत पंधरा म्हाताऱ्यांचा वृंद होता आणि त्यात त्याला जागा मिळाली होती. मुलगे लढाईत गेलेल्या म्हाताऱ्या, पुरुषांनीच मुखवटे घालून वठवायच्या. काम एकच, विलाप करायचा. नेमका तोच त्याला जमेना.

"तू रडतोयस की तेल मापतोयस?" वृंदाचे गुरू अँटिडोरस म्हणाले होते. "उद्याही असाच रडलास, तर पुन्हा वृंदाच्या वाऱ्याला उभं करणार नाही."

म्हणून अंगणात मुखवटा चढवून त्याने जिवाच्या आकांताने सराव केला. सकाळी उठून बघतो, तर मुखवटा दोरीवर वाळत घातलेला.

"अहो, तेलकट बोटांचे केवढे डाग त्याला," बायको मेलिता म्हणाली. "राखेच्या पाण्यात चोळून लख्ख काढलाय."

मुखवटा म्हणजे सरस लावून ताठ केलेलं लिननचं कापड. सरस राखेबरोबर मोरीत गेला होता आणि म्हातारीचा जबडा छातीपर्यंत लोंबत होता. फिलिनसने तो वर ढकलून पाहिला, तो पुन्हा लोंबला. मेलिता मात्र हार मानणारी नव्हती. तिने जवाच्या पिठाची खळ शिजवली, चिकटपणा कमी वाटला म्हणून त्यात सढळ हाताने मध ओतला, आणि चुलीशी धरून म्हातारीला पुन्हा ताठ केलं. वरून रंगही फासला. म्हातारी आधीपेक्षा तरुण दिसू लागली, पण तेवढं चालण्यासारखं होतं.

नाटकाला डोंगरउतारावर सगळं शहर बसलं होतं. ऊन चढलं, मध पाघळला, आणि पहिली मधमाशी आली. आवाज बाहेर पडावा म्हणून मुखवट्याला तोंडाशी मोठं भोक असतं. तिला ते आत जायला पुरलं. मागोमाग तिच्या नातेवाईकही आल्या.

फिलिनसने जी किंकाळी फोडली ती गाण्यात नव्हती. कपाळ बडवत तो वेदीकडे धावला, आपटला, गडबडा लोळला. बाकीच्या चौदा म्हाताऱ्यांना शेजारणीचं पाऊल बघून पाऊल टाकायची सवय, त्याही लोळल्या. प्रेक्षकांतले कुंभार नाकं पुसू लागले. एक म्हातारा शिपाई तर हुंदके देऊन रडला. पहिलं बक्षीस त्यांनाच मिळालं. (पुढच्या वर्षी दुसऱ्या दोन वृंदांतल्या म्हाताऱ्याही कपाळ बडवत लोळल्या. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. लोक मात्र रडले.)

"एवढं दुःख पोटात ठेवून होतास होय रे?" अँटिडोरसनी त्याला मिठी मारली. फिलिनसला सुजलेले ओठ हलवता येईनात, त्यामुळे सगळ्यांना तो विनयच वाटला.

मुखवटा काखेत मारून तो ताठ मानेने घरी आला. मेलिताने दार उघडलं, त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि आत वळली.

"पुन्हा घालूनच आलात? काढा तो आधी, पानं वाढलीयत," ती म्हणाली. "आणि घाबरू नका, या खेपेला धुणार नाही. नुसता पुसून ठेवते."