सावद्याचा सावकाश कॉम्प्युटर

सुकदेव भंगाळ्यांनी आतल्या थंडगार खोलीत बटण दाबलं. त्यांच्या समोरच्या पडद्यावर पापणी लवायच्या आत चाळीस नावं उमटली. बाहेरच्या हॉलमधल्या दोन पडद्यांवर मात्र अजून पहिल्या नावाचं दुसरं अक्षर यायचं होतं. उद्घाटनाचा नारळ नुकताच फुटला होता आणि हॉलमध्ये दीडशे केळी बागायतदार माना वर करून उभे होते.

"काय करून राह्यलं ते?" मागून कुणीतरी दबक्या आवाजात विचारलं.

"विचार करून राह्यलं," पुढच्यानं तितक्याच दबक्या आवाजात सांगितलं.

दीडशे माणसांनी श्वास रोखला. तिघा-चौघांनी हळूच पायातल्या चपला काढल्या. पडद्यावर हिरवं अक्षर उमटलं, मग त्याला काना आला, थोड्या वेळानं मात्रा आली. आत सुकदेव भंगाळ्यांना मात्र मे महिन्याच्या त्या एसीतही घाम फुटला.

घाम फुटायला कारण होतं. उद्या कुणाची केळी कापायची आणि रेल्वेच्या वॅगनमध्ये भरायची, याची यादी या केळी बागायतदारांच्या संघात रोज चार वाजता लागायची. ती पूर्वी फळ्यावर खडूनं लिहिली जायची आणि शिपाई पुनाची बाही लागून त्यातलं एखादं नाव हटकून पुसलं जायचं. ज्याचं नाव पुसलं जाई, त्याच्या मते पुनाची बाही कुणाच्या तरी सांगण्यावरून फिरलेली असे. मग बाचाबाची. म्हणून गेल्या सर्वसाधारण सभेत सुकदेव उभे राहिले आणि आयुष्यातलं पहिलं भाषण त्यांनी ठोकलं. "कॉम्प्युटर घ्या! मशीनले ना मेहुणा, ना साडू!" टाळ्या इतक्या पडल्या की चेअरमन तोताराम आबा चौधरींना नाइलाजानं मंजुरी द्यावी लागली. अकरा वर्षं काट्यावर घड मोजणारे सुकदेव जळगावला पाच दिवसांचं शिक्षण घेऊन आले आणि थेट एसीत बसले. त्यांच्या पत्नीनं, पुष्पाबाईंनी, ही बातमी गल्लीत सांगितली, आणि फैजपूरच्या माहेरी तर स्वतः एसटीनं जाऊन सांगितली.

उद्घाटनाची यादी संपायला दहा-बारा मिनिटं लागली. सगळे पांगल्यावर तोताराम आबा आत आले. त्यांनी एकदा एसीकडे पाहिलं, एकदा सुकदेवांकडे.

"सुकदेव, आतलं पयतं आन बाहेरचं रांगतं, हे काय हाय?"

"नवं आहे आबा. सवय होईल त्याला."

"येत्या शनिवारी बोर्डाची मीटिंग हाय. आपन सगळे हॉलमध्येच बसू, चार वाजता. तोवर बाहेरचं पयालं नही, तर मशीन जयगावले वापस, फळा भिंतीवर, आन तू काट्यावर."

एवढं बोलून आबा गेले. सुकदेवांच्या डोळ्यांपुढे तो काटा, तो केळीचा चीक लागून काळा पडलेला सदरा आणि फैजपूरची सासुरवाडी असं सगळं एकदम उभं राहिलं.

दुसऱ्या दिवसापासून दुरुस्ती सुरू झाली. पहिला शोध सुकदेवांनीच लावला. आतला पडदा एसीत आहे म्हणून पळतो. बाहेरचे पंचेचाळीस डिग्रीत भाजून निघतात, ते काय पळणार? लगेच वाळ्याच्या ताट्यांचा मोठा कुलर आणून पडद्यांच्या तोंडासमोर लावला. पडदे काही पळाले नाहीत. पण सावद्यात कुठे गार वारं आहे हे कळल्यावर, ज्यांची केळी अजून हिरव्या कोंबातच होती असे लोकही यादी पाहायला येऊ लागले. दीडशेची गर्दी अडीचशेवर गेली.

गर्दी वाढली तशी अक्कलही वाढली. सगळे ठिबकवाले बागायतदार. नळीतून येणारी कुठलीही वस्तू हळू का येते, हे त्यांना सांगायची गरज नव्हती.

"वायर किती फूट हाय?" एकानं विचारलं.

"दीडशे."

"मंग! शेवटच्या झाडाले पानी पोचतच नही इतक्या लांब. जवय घ्या."

वायर जवळून आणायची तर मधे भिंत होती. भिंतीला भोक पाडलं. भोकातून वायर पन्नास फुटांची झाली आणि त्याच भोकातून एसीची थंडी हॉलमध्ये जाऊ लागली. पडदे होते तसेच. आता आतही उकडायला लागलं.

"एका लाइनीवर दोन टीव्ही जोडले, प्रेशर अर्धं-अर्धं झालं," दुसऱ्यानं सांगितलं. एक पडदा काढून पाहिला. उरलेला तितकाच हळू चालला.

"हेड नही मियून राह्यलं. टाकी नेहमी वर पाहिजे."

हे आबांनाही पटलं. मग आतला कॉम्प्युटर टेबलावर, टेबल दुसऱ्या टेबलावर, असा चढवला आणि सुकदेव शिडीवर उभे राहून नावं टाइप करू लागले. अक्षरं उतारावरून घरंगळत येतील अशी सगळ्यांची खात्री होती. अक्षरं आली ती आपल्याच चालीनं. शेवटी एकानं नळ्या साफ करायचं ॲसिड घरून कॅनमध्ये भरून आणलं, तेव्हा मात्र सुकदेव शिडीवरून उतरून वायरीला आडवे पडले.

या सगळ्या गोंधळात एक गोष्ट रोज घडत होती, आणि तिच्याकडे पाहायला कुणाला फुरसत नव्हती. चार वाजले की हॉल चिडीचूप होई. एवढा वेळ दुरुस्तीवरून भांडणारी माणसं पडदा हिरवा झाला की हात जोडल्यासारखी उभी राहत. एकेक अक्षर उमटे आणि सगळा हॉल ते एका सुरात म्हणे. "रु... रुप... रुपचं..." आणि "द" आला की कोपऱ्यातला रुपचंद महाजन लग्नात हार पडल्यासारखा लाजे. फळ्यावरचं नाव नुसतं असायचं. हे नाव डोळ्यांदेखत जन्माला येत होतं. सगळ्यात पुढे, कुलरच्या पायाशी, असोद्याहून इथे दिलेली सुंदरबाई बसलेली असे. नवरा गेल्यावर पाच बिघे केळी एकटीनं सांभाळणारी साठीची बाई. तिचे ओठ सगळ्यांआधी हलत.

"सुकदेवभाऊ, माहं नाव कदी येईन?" ती रोज विचारी. "केयी झाडावर पिवयी पडून राह्यली."

"येईल अक्का. मशीन अन्याय करत नाही."

शुक्रवारी सुकदेवांनी हात टेकले आणि विक्रेत्याला जळगावला फोन लावला. शनिवारी दुपारी साडेतीनला झुलाल नावाचा इंजिनिअर मोटारसायकलवरून आला. मूळचा धुळ्याकडचा, गळ्यात टॉवेल, हातात एकच पेचकस. त्यानं कुलर पाहिला, भोक पाहिलं, टेबलावरचं टेबल पाहिलं, शिडी पाहिली, ॲसिडचा कॅन पाहिला आणि चहा मागितला.

"साहेब, वेळ नाही. अर्ध्या तासात बोर्ड बसतंय," सुकदेव म्हणाले.

झुलालनं चहाशिवायच बाहेरच्या दोन्ही पडद्यांची मागची झाकणं उघडली. आत नखाएवढ्या पांढऱ्या बटणांची एकेक ओळ होती. ती पाहून तो ऑफिसची भाषा साफ विसरला आणि अहिराणीवर आला.

"आरे भाऊ! बठ्ठा बटन बंद शेतस! कोनी कयात?"

सगळी बटणं कुणी बंद केली, हे सुकदेवांना लख्ख आठवलं. उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी मशीन बसवणारे निघून गेले होते. आकाशात वीज चमकत होती. शेतावरची मोटर असो की घरातला मिक्सर, वीज चमकली की सगळी बटणं खाली करून मगच घर सोडायचं, ही भंगाळ्यांच्या तीन पिढ्यांची शिस्त. त्यांनीच झाकणं उघडून, दोन्ही पडद्यांची एकूण सोळा बटणं टाचणीच्या टोकानं, मोठ्या मायेनं खाली केली होती.

"उंदीर असतील," सुकदेव म्हणाले.

"सोळाच्या सोळा बटणं? ओळीनं?" झुलाल पुन्हा ऑफिसच्या मराठीत आला. "ही वेगाची बटणं आहेत साहेब. सगळी बंद म्हणजे वेग सगळ्यात कमी. तुमचा उंदीर शिकलेला दिसतो."

त्यानं पेचकसाच्या टोकानं टकटक करत बटणं वर केली. पाच मिनिटांचं काम. सुकदेवांना त्याच्या पाया पडावंसं वाटलं. आठ दिवस अडीचशे माणसं जे करू शकली नाहीत, ते या टॉवेलवाल्यानं कोरड्या घशानं केलं होतं.

चार वाजले. पहिल्या रांगेत बोर्ड, मधोमध तोताराम आबा. सुकदेव आत शिडीवर चढले, मनातल्या मनात कुलदैवताला नमस्कार केला आणि बटण दाबलं.

पडदा लकाकला. अळ्या वळवळाव्यात तसं काहीतरी हिरवं खालून वर सर्रकन गेलं आणि थांबलं. चाळीस नावं आली आणि त्यातली पहिली सोळा वरून निघूनही गेली. खाली फक्त शेवटची चोवीस उरली होती. हॉलमध्ये कुणी "रु" म्हणायला तोंड उघडलं होतं, ते तसंच उघडं राहिलं.

"झालं?" आबांनी विचारलं.

"झालं!" सुकदेव शिडीवरूनच, भिंतीतल्या भोकातून, अभिमानानं म्हणाले.

"वरचे कुठी गेले?"

"वरचे... वर गेले आबा."

एवढं ऐकायचा अवकाश, हॉल पेटला. "खाल्ले! सोया नावं खाल्ले!" "इतक्या लवकर कोनी विचार करतं का?" "हे त आधीच ठरवेल दिसतं!" "आठ दिवस बरं सांगत व्हतं, आज कोनीतरी येऊन त्याले शिकवून गेलं!" अडीचशे माना वळल्या आणि नजरा झुलालच्या पेचकसावर स्थिरावल्या. झुलालनं पेचकस हळूच टॉवेलात गुंडाळला.

आबा उठले. "पुना," ते म्हणाले, "फळा आन."

पुना निघालाही. तेवढ्यात कुलरच्या पायाशी बसलेली सुंदरबाई गुडघ्यावर हात टेकून उभी राहिली.

"थांब रे पुना. सुकदेवभाऊ, माहं नाव आलं व्हतं का?"

"आलं होतं अक्का. वरच्या सोळांत होतं. मी आत पाहिलं."

"तू पाह्यलं. मी नही पाह्यलं."

"पण अक्का," आबा जरा नरमाईनं म्हणाले, "तुले तसंही कुठी वाचता येतं?"

"येतं," सुंदरबाई म्हणाली.

तिचा अंगठा सगळ्या संघानं पाहिला होता. वीस वर्षं प्रत्येक कागदावर तोच उठत होता.

"साक्षरतावाले आले व्हते माह्या घरी," ती म्हणाली. "पाटी दिली. ते भरभर सांगत, माह्या ध्यानात राहे नही. इथी एकेक अक्षर येतं. आधी अक्षर, मंग त्याचा काना, मंग टिंब. सगये मोठ्यानं म्हनत. आठ दिवसांत शिकली मी. फळ्यावर नाव राहे, तवा मी पुनाले विचारू. पुना म्हने ते खरं मानू. आता मले कोनाले विचारायचं नही."

सुकदेव शिडीवरून खाली उतरले आणि हॉलमध्ये आले. काटा दिसत होता, चिकाचा सदरा दिसत होता. तरी ते सरळ आबांसमोर जाऊन उभे राहिले.

"आबा," ते म्हणाले, "उंदीर नव्हता. वीज चमकली म्हणून ती बटणं मीच बंद केली होती. आठ दिवस मशीन हळू चाललं ते माझ्यामुळं. काट्यावर पाठवायचं तर पाठवा." मग ते झुलालकडे वळले. "साहेब, ती बटणं पुन्हा खाली करा."

"खाली?"

"सगळी."

झुलालनं आबांकडे पाहिलं. आबांनी डोळे मिटून होकाराची मान डोलावली. पेचकस टॉवेलातून बाहेर आला. पाच मिनिटांनी सुकदेवांनी आत जाऊन पुन्हा बटण दाबलं आणि काळ्या पडद्यावर एक हिरवं अक्षर सावकाश उमटलं. अडीचशे माणसांनी एकदम श्वास सोडला. यादी चालू झाली. पाचवी ओळ, सहावी ओळ. सातव्या ओळीला एक "स" आला.

त्या "स"ला कुणी आवाज दिला नाही. जणू सगळ्यांनी ठरवूनच वाट सोडली. "स"च्या पायाशी उकार आला, डोक्यावर टिंब आलं.

"सुं," सुंदरबाई एकटी म्हणाली. "द... र... बा..." आणि शेवटच्या अक्षराला तिचा आवाज फुटला. "ई. सुंदरबाई. मी हाय ती."

आबांनी टोपी काढली. त्यांना स्वतःलाही ते समजलं नसावं, कारण नंतर बराच वेळ ते ती डोक्यावर चाचपत होते. सुकदेव भोकातून बघत होते. मशीनचा चमत्कार बघायला ते जळगावपर्यंत जाऊन आले होते. तो इथे कुलरच्या पायाशी बसला होता, हे त्यांना आज कळलं. त्यांनी सरळ सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले.

मीटिंग तिथेच झाली. मशीन राहिलं, सुकदेव राहिले. भिंतीतलं भोक बुजवायचा ठराव मात्र नामंजूर झाला, कारण हॉलमधल्या लोकांना एसीची सवय झाली होती.

सगळे गेल्यावर झुलालला चहा मिळाला. त्यानं खिशातून कंपनीचा छापील फॉर्म काढला आणि भरायला घेतला. तक्रारीच्या रकान्यात त्यानं लिहिलं : बाहेरचे दोन्ही पडदे फार हळू चालतात. पुढच्या रकान्याशी येऊन पेन थांबलं.

"साहेब, काय दुरुस्ती केली म्हणून लिहू?"

"जे केलं तेच लिहा," सुकदेव म्हणाले.

झुलालनं क्षणभर डोकं खाजवलं आणि लिहिलं : हळू केले. सुकदेवांनी त्याखाली 'काम समाधानकारक' असा शेरा मारला आणि सही केली.