साहेबाचा ठोका: चुकला की सोडला?

आमच्या शेजारच्या रामदासभाऊंनी आजवर ज्या ज्या वाजवणाऱ्याची तारीफ केली, ती त्याने न वाजवलेल्या ठोक्यासाठी केली. लग्नात डीजेसमोर माणसं घामाघूम होऊन नाचत असतात आणि भाऊ कडेला डोळे मिटून मान हलवत उभे असतात. मान हलते ती नकारार्थी. "भरून टाकलं," ते मला सांगतात. "पार गच्च भरून टाकलं, सुरेशराव. माणसाला जागाच ठेवली नाही."

जागा हा भाऊंचा लाडका शब्द. वांग्याच्या भरतात मिरची किती घातली यापेक्षा कोणत्या घासात ती लागली नाही, हे त्यांना महत्त्वाचं वाटतं. आमच्या कॉलनीच्या सभेत अध्यक्ष चाळीस मिनिटं बोलले, तेव्हा भाऊ उठून म्हणाले, "चांगलं बोलले, पण जागा नाही सोडली." अध्यक्षांना वाटलं पार्किंगबद्दल तक्रार आहे. त्यांनी दुसऱ्या दिवशी गेटजवळ पांढरे पट्टे मारून घेतले.

भाऊ जळगावला एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते, आता निवृत्त आहेत. त्यांची आणि आमची भिंत एकच. मी वीज कंपनीत मीटर तपासणीला आहे, त्यामुळे आकड्यांबाबत मला ढिलाई चालत नाही. रोज संध्याकाळी सात वाजता या भिंतीपलीकडे वाद सुरू होतो आणि सरासरी सव्वीस मिनिटं चालतो. वाद फोनवर असतो, स्पीकर लावून. पलीकडे धुळ्याचे कांतीशेठ. मूळ राजस्थानचं घराणं, कापडाचं दुकान. शेठचं आजोळ पारोळ्याचं, शिक्षणही तिथेच झालं, आणि भाऊ त्यांच्या बाकावर बसायचे.

वाद एका विलायती ड्रमरबद्दल आहे. जगप्रसिद्ध माणूस. त्याचं नाव मी इथे देत नाही, कारण भाऊ ते तीन प्रकारे उच्चारतात आणि शेठ चौथ्याच. दोघांच्या सोयीसाठी त्याला 'साहेब' म्हणायचं ठरलेलं आहे. तरुणपणी शेठनी मुंबईच्या पाहुण्यांकडून एक कॅसेट आणली, ती दोघांनी फीत गुंडाळेपर्यंत ऐकली. शेठना त्या साहेबाचं वाजवणं मिळमिळीत वाटलं. भाऊंना दुसऱ्या कोणाचं आवडेनासं झालं.

"अरे भाया, हा काय ड्रमर आहे?" फोनमधून शेठ ओरडतात. "बाकीचे उड्या मारतात, केस उडवतात, अन् हा पोस्टात तिकिटं विकायला बसल्यासारखा बसलाय! हात तरी हलव!"

"हात हलवायला काय लागतं, शेठ? तुमच्या दुकानात दिवसभर ठाण उलगडतात, ते काय ड्रमर झाले?"

"दुसरे बघ! काय रोल मारतात! पत्र्यावर गारा पडल्यासारखं!"

"गारा पिकाचं नुकसान करतात," भाऊ शांतपणे म्हणतात. आणि मग त्यांचं ठरलेलं वाक्य, जे ते फक्त अहिराणीतच म्हणतात: "बठ्ठा खेळ जागाना शे."

म्हणजे सगळा खेळ जागेचा आहे. पटवून देण्यासाठी ते लगेच जवळच्या डब्यावर वाजवून दाखवतात. अक्का, म्हणजे भाऊंच्या पत्नी, यांनी याच कारणाने घरातले स्टीलचे डबे कपाटात कुलूपबंद केले आहेत. "पोह्यांच्या डब्याचं झाकण बसत नाही आता," त्या माझ्या बायकोला म्हणाल्या. "त्या साहेबानं माझ्या संसाराला पोचे पाडले."

पण या वादाचं खरं मूळ एका ठोक्यात आहे. साहेबाच्या एका गाण्यात ध्रुवपद सहा वेळा येतं. पाच वेळा ध्रुवपदाच्या शेवटी एक जोरदार ठोका पडतो. सहाव्या वेळी पडत नाही. शेठ म्हणतात, चुकला. भाऊ म्हणतात, सोडला. हा प्रश्न छत्तीस वर्षं तुंबलेला आहे.

आणि वादात हरायला आले की शेठ दरवेळी एकच बाण काढतात. "तुला तर तसंच वाटणार, भाया! तू माझ्या वरातीत चुकलास ना!"

यावर भाऊ हसतात. "माझं सोडा. मी चुकलोच. साहेब चुकला नाही."

मला हे विचित्र वाटायचं. स्वतःची चूक माणूस इतक्या आनंदाने कबूल करतो आणि सातासमुद्रापलीकडच्या, ज्याला जळगाव कुठे आहे हे ठाऊक नाही अशा माणसासाठी रोज सव्वीस मिनिटं भांडतो.

यंदा दोघांनी मला पंच नेमलं. शेठच्या लग्नाच्या वाढदिवसाला धुळ्याला जायचं, तिथे मी निकाल द्यायचा आणि तो दोघांनी मानायचा. मी काम अंगावर घेतलं की नीट करतो. हेडफोन लावून ते गाणं बावीस वेळा ऐकलं. मुलीकडून साहेबाच्या तीन निरनिराळ्या कार्यक्रमांची चित्रणं शोधून घेतली. वही केली. बायकोने विचारलं, "ऑफिसचं काम घरी आणलं का?" मी हो म्हणालो. ते पूर्ण खोटं नव्हतं, स्टॉपवॉच ऑफिसचंच होतं.

वाढदिवसाच्या सकाळी आम्ही धुळ्याची एसटी धरली. भाऊंनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि हात सारखे पुसत होते.

"निकाल काय लागला?" एरंडोल मागे पडल्यावर त्यांनी विचारलं.

"निकाल दोघांसमोर."

"बरोबर आहे. पण सुरेशराव, साहेब चुकला असं निघालं, तर आधी मला सांगा. मी पारोळ्याला उतरून जाईन."

ते थट्टा करत नव्हते. वेळ घालवायला मी म्हणालो, "शेठच्या वरातीचं सांगा. तिथे काय झालं होतं?"

"काय व्हायचं? मी तेव्हा पारोळ्याच्या बँडमध्ये साइड ड्रम वाजवायचो. दोस्ताचं लग्न, म्हणून आमचाच बँड. लग्न लागलं, नवरी घेऊन वरात शेठच्या घराकडे निघाली. मागे उघड्या मोटारीत ही दोघं. घराच्या अलीकडच्या गल्लीत माझा ठोका चुकला. ड्रम थांबला तसे बाकीचे घसरले. क्लॅरिनेट एकीकडे, ढोल एकीकडे. पोरं नाचता नाचता उभी राहिली. बँडमास्तरने तिथंच माझ्या गळ्यातून ड्रम काढून दुसऱ्याच्या गळ्यात घातला. पुन्हा मी कधी घातला नाही. मग जिनिंगला लागलो."

"किती ठोके चुकले?"

"सोळा," भाऊ पटकन म्हणाले.

मीटर तपासताना एखादा आकडा फार स्वच्छ आला की मला संशय येतो. पारोळ्याला गाडी थांबली, खाली उतरून आम्ही चहा घेतला, पुन्हा वर येऊन बसलो. तोवर माझ्या डोक्यात सोळाच होते.

"भाऊ," मी म्हणालो, "माणूस एक ठोका चुकतो. गडबडला तर दोन, तीन. सोळा कोणी चुकत नाही. आणि चुकलेले ठोके कोणी मोजत नाही. सोडलेले मोजतो."

समोरच्या सीटच्या दांडीवर त्यांची बोटं चालली होती, ती थांबली.

"पुढच्या चाकरीत चौकशी अधिकारी व्हा तुम्ही," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "कोणाला सांगणार नाही?"

"नाही."

"गल्लीत एक दार उघडं होतं. कोणी नवे भाडेकरू असतील, शेठच्या घरच्यांना ठाऊक नसणार. सगळे पुढे मास्तरकडे बघत होते. मी डाव्या कडेला होतो, म्हणून मला आत दिसलं. जमिनीवर पीठ पसरलेलं, त्यावर दिवा, वर टोपली झाकलेली. माणूस गेला की ठेवतात ना, तसा. अन् उंबऱ्यात एक बाई बसलेली, आमच्याकडे बघत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसती बघत होती. माझ्या काड्या उचलल्याच जाईनात. त्या घराच्या अलीकडच्या खांबापासून पलीकडच्या भिंतीपर्यंत सोळा ठोके होतात. तेवढे सोडले. पुढे वाजवणारच होतो, तर मास्तर आला."

"मग मास्तरला सांगायचं!"

"काय सांगायचं? नवी नवरी दहा मिनिटांत दारात माप ओलांडणार. शेठची आई कशी होती, तुम्हाला ठाऊक नाही. वरात मयताच्या दारावरून आली हे कळलं असतं, तर त्या पोरीचा पायगुण काढला असता. जन्मभर. घरात म्हैस आटली तरी तिच्यामुळे." भाऊंनी हात पुसले. "त्यापेक्षा रामदास चुकला, हे बरं. रामदासचं काय, त्याला जिनिंग होतं."

"आता तर शेठच्या आई नाहीत."

"आता कशाला? आज तर वाढदिवस आहे."

दुपारी शेठच्या घरी जेवणं झाली. शेठ सोफ्यावर, भाऊ समोर खुर्चीत ताठ. आतल्या स्वयंपाकघरात सुशीलावहिनी, म्हणजे शेठच्या पत्नी, चहा करत होत्या. पातेल्यात चमच्याचा आवाज येत होता. मी वही काढली.

"गाण्यात सहाव्या वेळी ठोका नाही. हे दोघांना मान्य आहे. पुरावा असा की, तीन वेगवेगळ्या कार्यक्रमांतही सहाव्या वेळी ठोका नाही. तिन्ही वेळा नेमका तिथेच."

"म्हणजे एकूण चार वेळा चुकला!" शेठ आनंदाने ओरडले.

"एकाच जागी चार वेळा कोणी चुकत नाही, शेठ."

"का नाही? माझा मेहुणा येतो तेव्हा दर वेळी याच पायरीला अडखळतो. वीस वर्षं झाली."

"पण तिन्ही चित्रणांत," मी म्हणालो, "साहेब काडी वर उचलतो, हवेत धरतो आणि खाली आणत नाही. तेवढा वेळ तो गाणाऱ्याकडे बघतो. मेहुणे अडखळताना कोणाकडे बघतात का?"

शेठनी विचार केला. "नाही. खालीच बघतो."

"मग निकाल असा की, ठोका सोडला."

भाऊंनी डोळे मिटले. एवढंच. मला वाटलं होतं ते टाळ्या वाजवतील, पण त्यांनी फक्त खुर्चीला पाठ टेकली. त्या दिवशी पहिल्यांदाच.

शेठ मात्र हरून बसणारे नव्हेत. "चला, साहेबाचा मान्य! पण सुरेशराव, आता याचाही निकाल द्या. आकड्यातला माणूस आहात, खोटं बोलणार नाही. माझ्या वरातीत हा चुकला ना?"

मी आयुष्यात खोटं रीडिंग लिहिलेलं नाही. वहीकडे बघत मी म्हणालो, "त्याचं रेकॉर्डिंग नाही. पुराव्याशिवाय मी निकाल देत नाही."

"पुरावा कशाला पाहिजे?" भाऊ हसत म्हणाले. "मी कबूल करतो ना. मी चुकलोच, शेठ."

आतला चमचा थांबला.

शेठ जोरजोराने हसत होते, त्यांना ते कळलं नाही. मला कळलं, कारण मोजायची सवय. बराच वेळ आत काहीच वाजलं नाही. मग चमचा पुन्हा सुरू झाला.

वहिनी ट्रे घेऊन आल्या. मी घरात पहिल्यांदाच आलेला पाहुणा, शेठ घरचे मालक. पण पहिला कप त्यांनी भाऊंच्या हातात दिला.

निघताना भाऊ आणि शेठ फाटकाशी उभे राहून पुढच्या वादाचा विषय ठरवत होते. मी चपला घालत होतो. वहिनी मागे येऊन हळूच म्हणाल्या, "निकाल चांगला दिलात."

"भाऊंचा तर मी दिलाच नाही."

"म्हणूनच म्हटलं." त्यांनी फाटकाकडे बघितलं. "मोटारीत मी डाव्या बाजूला होते. घुंघटात मान खाली, त्यामुळे दुसरं काही नाही, रस्त्याकडेचे उंबरेच दिसत होते. तो दिवा मीही पाहिला."

"शेठना कधी बोलला नाहीत?"

"भाऊंनी माझ्यासाठी अंगावर घेतलं. ते मी कसं काढून घेऊ?"

परतीच्या गाडीत भाऊ खुशीत होते. समोरची दांडी वाजवत त्यांनी विचारलं, "वहिनी काय म्हणत होत्या?"

"पुढच्या वेळी मुक्कामाला या, म्हणाल्या."

हे माझं पहिलं खोटं रीडिंग. घरी आल्यावर मी वही पूर्ण केली. प्रकरण बंद करताना शेवटी गोषवारा लिहावा लागतो, तो लिहिला: सोडलेले ठोके, साहेब एक, रामदासभाऊ सोळा. चुकलेले ठोके, शून्य.

सात वाजले होते. भिंतीपलीकडे फोन वाजला.