पगारेकाकांची लाकडाची साखर

पगारेकाका पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा बसण्याआधी त्यांनी खुर्चीचा हात नखाने खरवडला आणि निघालेला भुसा जिभेवर ठेवला. "साग. कंजूष लाकूड," म्हणाले आणि मग बसले.

ते आमच्या शेजारी एकटेच राहत. अंबडच्या एका कारखान्यात केमिस्ट. कागदासाठी लाकडाचा लगदा करताना जे तपकिरी पाणी निघतं, ते आटवून त्यातून रसायनं आणि साखर काढायची, हे त्यांचं काम. अंगाला सदा कडू बदामाचा वास. "लाकडात साखर असते, फक्त ते कबूल करत नाही," हे त्यांचं पालुपद.

मी तेव्हा कामगारांच्या हक्कांची पत्रकं लिहून कारखान्यांच्या गेटवर वाटत असे. एक त्यांनाही दिलं. त्यांनी ते हुंगलं. "बांबू. ब्लीचिंग जास्त झालंय, कॉम्रेड." मजकुराकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

तेही मी सोसलं असतं. पण माझ्या आईला मधुमेह होता आणि तिचा गोड चहा मी कडकपणे बंद केला होता. आपली लाकडाची साखर मधुमेहाला चालते, हे काकांनी डॉक्टरांना विचारून घेतलं, आधी महिनाभर ती स्वतः खाऊन पाहिली, आणि मग चमचाभर तिच्या चहात घातली. झालं. आई रोज संध्याकाळी त्यांच्याकडे. घरी आली की प्रत्येक वाक्याची सुरुवात "पगारेभाऊ म्हणतात" अशी. भांडवलदाराच्या टाकीतली साखर माझ्या घरात फूट पाडत होती. मी जळत होतो.

एकदा तणतणत तिला आणायला गेलो. दार उघडं होतं आणि आतून माझीच वाक्यं येत होती. काका माझं ताजं पत्रक वाचत होते, हव्या तिथे आवाज चढवत, हव्या तिथे थांबत. आईला अक्षरओळख नाही. ती चहा विसरून ऐकत होती.

"आज हुंगत नाही का?" मी विचारलं.

"रोज वाचायला लावतात ताई," काका चष्मा काढत म्हणाले. "नवं नसलं तर जुनं."

"मला सांगायचं होतंस, आई."

"तू घरात टेकतोस कधी?"

काकांनी पत्रक माझ्यापुढे धरलं. "आज तू वाच. मला कुणी कधी काही वाचून दाखवलेलं नाही."

ते डोळे मिटून बसले. मी वाचू लागलो. जेमतेम दोन ओळी झाल्या असतील.

"अरे," आई म्हणाली, "जरा पगारेभाऊंसारखं वाच ना."