घटस्थापनेची सही

मृत्युपत्रावर सही करायला मी घटस्थापनेचा मुहूर्त काढला होता. नातवंडांना सांगते तेव्हा ती लोळून हसतात. तुम्हीही हसा.

तेव्हा मी पंचावन्नची होते. गुडघे धड होते आणि अक्कल नव्हती. उत्तरेतल्या मनीमाजऱ्यात आमच्या शेजारी सुभेदार मोहिते राहायचे. मूळचे साताऱ्याकडचे, चंडीमंदिरच्या छावणीत स्टोअर सांभाळून निवृत्त झालेले. स्टोअर सुटलं, चिठ्ठ्या सुटल्या नाहीत. घरातल्या प्रत्येक वस्तूला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली: ‘चालू’, ‘दुरुस्तीला’ नाहीतर ‘बाद’. एकदा मी रव्याचे लाडू पाठवले, तर डबा ‘रिकामा, धुतलेला’ अशी चिठ्ठी लेवून परत आला. तब्येत विचारली की छाती ठोकून सांगायचे, “माल चालू हाय वहिनी, ग्यारंटी नाय!”

एकाच वस्तूला चिठ्ठी नव्हती. दाराआडच्या खिळ्यावर त्यांच्या दिवंगत बायकोची राखी रंगाची शाल असायची. मी खवचटपणे विचारलं, “ही चालू की बाद?” त्यांनी शालीवरची धूळ झटकली.

एका दुपारी ते टाइप केलेला कागद घेऊन आले. मूलबाळ नव्हतं. घर आपल्यामागे एका धर्मादाय संस्थेला द्यायचं होतं. इस्पितळातल्या पेशंटांच्या नातेवाइकांना तिथे फुकट राहता यावं म्हणून. दोन साक्षीदार हवे होते, आमचे हे आणि मी.

“मराठी वाचून सही करणारी माणसं पायजेत. न वाचता सही केली की स्टोअर बुडालंच.”

ह्यांनी पेन काढलंसुद्धा. ते मी हातातून काढून घेतलं. “पितृपक्षात कसलं मृत्युपत्र? अभद्र! घटस्थापनेला करू. मी शिरा करते.”

“मरणाला शिरा, वहिनी?”

“शंभर वर्षं जगाल हो!”

“ग्यारंटी नाय.” त्यांनी कागदाची घडी घातली. दारात मात्र थांबले. “मी चाळीस दिवस इस्पितळात होतो बघा. आत, गादीवर. ही रोज सकाळी वेणीफणी करून हसत यायची. म्हणायची, वळखीच्यांकडं उतरलेय. ती गेल्यावर फाटकाजवळच्या चहावाल्यानं सांगितलं. बाहेर पुठ्ठ्यावर झोपायची. ती शाल पांघरून. हितल्या जानेवारीत.”

तेव्हा तरी पेन द्यावं की नाही? मी विचारलं, “चहा टाकू?”

गेलेल्यांच्या नावाने दान करायचा तो पंधरवडा, हे मीच गल्लीभर सांगत फिरायचे.

अमावस्येला दोन दिवस उरले असताना मोहिते गेले. झोपेतच. कागद उशाशी होता, दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली: ‘सह्या बाकी’.

सह्यांवाचून ती रद्दी. घर पुण्याच्या पुतण्याकडे गेलं. सभ्य मुलगा; काकांना लहानपणी एकदाच पाहिलेला. त्याचा एका टाइल्सवाल्याशी घर विकायचा सौदा ठरला तेव्हा मी त्याच्यापुढे तो कागद ठेवला, शाल ठेवली, पदर पसरला, रडले. चहावाल्याची गोष्टही सांगितली. त्याने कागद शेवटपर्यंत नीट वाचला. मग अगदी आदराने, खरोखरच न कळून, विचारलं,

“काकू, त्यांची एवढी इच्छा होती, तर तुम्ही सही का नाही केलीत?”