ताईच्या वर्गातला नवा पेशंट

रोज शंभर बैठका मारणारा माणूस मी! मला कोणी व्यायाम शिकवू नये. मायाताईला तर मी तोंडावर सांगितलं होतं. कॅन्सरचे उपचार संपल्यावर ती रामदासपेठेत, कॅन्सरमधून उठलेल्यांच्या एका व्यायामवर्गाला जायची. श्वास घ्या, हात उचला, श्वास सोडा.

"हा काय व्यायाम हाय का वं ताई? छताचे जाळे काढून राहिल्यासारखं दिसते!"

ती नुसती हसली होती.

त्या मंगळवारी मी तिला घ्यायला गेलो. ताई आतल्या खोलीत फोनवर होती. उन्हापायी मी आदल्याच दिवशी डोकं गुळगुळीत करून घेतलेलं. शिकवणाऱ्या रोशनी मॅडमनी मला दारात पाहिलं आणि एकदम हळव्या झाल्या.

"या नं दादा! लाजू नका. किती झाल्या तुमच्या?"

व्यायामाचा वर्ग, म्हणजे बैठकाच विचारतात! मी छाती काढून म्हणालो, "शंभर!"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

"शंभर किमो!" सत्तरीच्या इंदूबाई कळवळल्या. "अगं माय वं! मी तं सहातच अर्धी झाली होती!"

खरं सांगायला मी तोंड उघडलं, तर त्यांनी त्यात खजूर कोंबला! "इथं येत जा गा. झोप लागते, भीती कमी होते." डोळ्यांत पाणी आणून बोलत होत्या. एवढ्या मायेपुढे 'मी धडधाकट आहे' कोणत्या तोंडाने सांगू?

निदान व्यायाम तरी दणक्यात करू म्हटलं. सगळे सावकाश श्वास सोडत होते. मी मात्र छाती फुगवून श्वास धरून ठेवला, एका पायावर! डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि मी गव्हाच्या पोत्यासारखा धप्पकन आडवा!

इंदूबाई माझ्या टकलावरून हात फिरवू लागल्या. "येतील बाप्पा केस. माझेही आले."

तेवढ्यात ताई धावत आली. "अंकुश! काय झालं?"

"शंभर किमो झाल्या वं याच्या! तुले मालूम नाही?"

"किमो? माझा भाऊ हाय तो! त्याले साधी सर्दीही होत नाही!"

टकलावरचा हात थांबला. कोणीच हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं!

"मंग हा पडला काहून?" इंदूबाईंनी विचारलं, अगदी मनापासून.

मी त्यांचे पाय धरले. "माफ करा मावशी, चुकलो." त्यांनी मला उठवलं आणि उरलेला खजूरही दिला.

चक्कर येऊन पडलेल्याच्या हाती गाडी नको, म्हणून स्कूटर ताईनेच घेतली. जानेवारीत, वर्ग सुरू केला तेव्हा, तिला ऑपरेशनच्या बाजूचा डावा हात उचलून फळीवरचा डबाही काढता येत नव्हता. व्हरायटी चौकात वळताना तिने तोच हात सरळ बाहेर काढून इशारा दिला.

मी मागे बसलो होतो. तिची पाण्याची बाटली पोटाशी धरून, मान खाली घालून!